पगाराची तारीख

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

होळीला आलीस आणि दुसऱ्याच दिवशी न जेवता निघून गेलीस, त्याचा जाब विचारण्यासाठी हे पत्र नाही. फोनवर आपले बोलणे दोन वाक्यांच्या पुढे जात नाही आणि तुझे बाबा शेजारी असले की तू 'सगळे ठीक आहे' एवढेच म्हणतेस, म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या जाहिरात संस्थेच्या हातून त्या मोठ्या कंपनीचे काम गेले आणि तुझ्याकडचे दोघे सोडून गेले, हे मला दादाकडून कळले. काम जाणे धंद्यात होतेच, त्याने माझी झोप उडालेली नाही. पण त्या संध्याकाळी अंगणात तू फोनवर कुणाला तरी 'हप्ता पाच तारखेला जाईल' असे सांगत होतीस, ते माझ्या कानावर पडले, आणि हप्ता कशाचा असे विचारल्यावर तू ताटावरून उठलीस. तो प्रश्न या पत्रात पुन्हा काढायचा नाही, असे ठरवूनच कागद घेतला आहे.

त्या वेळी तू मला लिज्जतचा दाखला दिलास. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून एवढी मोठी संस्था उभी राहिली, मग कर्जाला इतके काय भ्यायचे, असे तुझे म्हणणे होते. दाखला खरा आहे, पण तो पुरता वाचायला हवा. त्या ८० रुपयांचे सामान आले, सामानाचे पापड झाले आणि पापड विकून पैसा परत फिरला. तोटा झाला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही आणि नफा-तोटा सगळ्यांनी मिळून सोसायचा, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते. मालासाठी घेतलेल्या पैशातून विकण्याजोगी वस्तू तयार होते. पगारासाठी काढलेल्या कर्जातून नुसता एक महिना सरतो, आणि पुढच्या महिन्यात पगारही उभा राहतो आणि हप्ताही. तू पगारासाठी कर्ज काढले आहेस का? मोठ्या काकांच्या वेळचे मला इथे लिहायचे नाही. तू तेव्हा सातवीत होतीस, तुला आठवते तेवढे पुरे आहे.

आता कामाविषयी. त्या कंपनीने चार जाहिरात संस्थांना बोलावले, प्रत्येकीकडून फुकट सादरीकरणे करून घेतली, तुला तीनदा बदल करायला लावले, शेवटी भाव पाडून मागितला आणि मग काम दुसऱ्याला दिले. पुढे तुमच्याच कल्पनेवर बेतलेला फलक रस्त्यावर लागल्याचे पाहून तुझ्याकडच्या मुलांनी हाय खाल्ली, असे दादा म्हणाला. नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क सांगता येत नाही, तिच्या लिहिलेल्या किंवा काढलेल्या रूपावर सांगता येतो, हे तूच एकदा मला समजावून दिले होतेस. तसे असेल तर पहिल्याच भेटीत सगळे उलगडून टेबलावर ठेवण्याची घाई कशाला? आधी केलेली कामे दाखवावीत, त्यांच्या मालाविषयी त्यांना कुणी विचारले नसतील असे प्रश्न विचारावेत, आणि पुढचा विचार हवा असेल तर त्याचे शुल्क सांगावे. शुल्काचे नाव काढताच जो उठून जातो, तो बिलाच्या वेळीही बसून राहिला नसता. मला तुमच्या शहरातल्या रीती पुरत्या कळत नाहीत, पण वर्षानुवर्षे माल विकल्यावर घेणारा आणि नुसता हाताळून पाहणारा यांतला फरक कळू लागतो.

तुझ्या अंगात काय आहे, ते तुला कळण्याच्या आधी मी पाहिले आहे. आपल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यात करक्युमिनचे, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणाऱ्या घटकाचे, प्रमाण ६ टक्क्यांच्या वर असते, हे आम्ही बचत गटाच्या बायका प्रदर्शनात प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगत होतो, आणि गिऱ्हाईक ऐकून घेऊन पुढच्या स्टॉलकडे वळत होते. तू कॉलेजच्या सुट्टीत वर्ध्याला माझ्यासोबत आलीस आणि विक्रीला हात न लावता, पुडी उचलणारी बाई काय बोलते ते वहीत लिहीत बसलीस. मला राग आला होता, कारण स्टॉलवर हात कमी होते. रात्री ते तू सगळ्यांना वाचून दाखवलेस. टक्क्यांविषयी एकीनेही विचारले नव्हते. यात काही मिसळलेले नाही कशावरून, हा एकच प्रश्न जिने तिने आपापल्या शब्दांत विचारला होता. बैठकीत सहीपुरतेच येणारी मधली काकू तेव्हा पहिल्यांदा बोलली. पुडीत दोन हळकुंडेही टाकावीत, ज्याला शंका येईल त्याने घरी कुटून रंग आणि वास ताडून पाहावा, असे तिचे म्हणणे होते. तू पुडीवर 'कुटून पाहा' एवढेच दोन शब्द ठळक लिहिलेस. नागपूरच्या ज्या दुकानदाराने भावावरून आम्हाला परत पाठवले होते, त्याने नंतर आपण होऊन माल मागवला आणि भावाचा विषय काढला नाही. आणि तू काय केलेस, तर ही कल्पना काकूची आहे, हे गटाच्या इतिवृत्तात तिच्या नावानिशी लिहायला लावलेस. त्या दिवसापासून काकू बैठकीत बोलते आणि आता हिशेबही तीच सांभाळते. माणसे जोडण्याविषयी मी तुला आणखी काय शिकवणार?

गाडगेबाबा एखाद्या गावात गेले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडायला लागत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडताना त्या गावाची गटारे, दारे, भांडणे, दारूचे गुत्ते सगळे डोळ्यांखालून जात असणार, असे मला नेहमी वाटते. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न करत, लोक उत्तरे देत, आणि त्या उत्तरांना धरून पुढचे बोलणे चाले. भाषा आपली वऱ्हाडी, घरात बोलतो तीच. तुझ्या व्यवसायात कंपनी जो कागद लिहून देते, त्यावर विसंबून चालत नाही, बाजारात जाऊन उभे राहावे लागते, असे तू म्हणायचीस, ते मला याचमुळे पटले होते. गेल्या वर्षभरात तू किती वेळा अशी बाजारात उभी राहिलीस? की सगळा दिवस बिलांच्या मागे आणि हप्त्याच्या जुळवाजुळवीत जातो? गाडगेबाबा ऋण काढून सण करू नका, असेही सांगत. बघ, मी पुन्हा तिथेच आले.

अमूलचे उदाहरणही तुझ्याच तोंडून ऐकलेले आहे. १९६६ साली सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या संस्थेकडे लोण्याच्या जाहिरातीचे काम आले, त्या ठिपक्यांच्या फ्रॉकमधल्या मुलीचे चित्र तयार झाले, आणि चालू घडामोडींवरचे फलक आपल्या मंजुरीची वाट न पाहता लावायची मोकळीक अमूलच्या कुरियन यांनी त्यांना दिली. तू हे सांगताना तुझे डोळे चमकत होते आणि असा एक क्लायंट मला मिळाला पाहिजे, असे तू म्हणाली होतीस. तसा विश्वास तीन सादरीकरणांच्या शर्यतीत मिळत नाही. तुझ्याकडे तो पाइपवाला आहे, जो दरवर्षी परत येतो आणि तुझ्या मजकुरातला एक शब्दही बदलत नाही. त्याचे काम लहान म्हणून तू ते नव्या मुलांवर सोपवतेस, असे दादा म्हणाला. माझ्या मते ते तू स्वतः करावेस. त्याचा हिंगणघाटच्या बसस्थानकाजवळचा फलक अजून आहे. तुझे बाबा कापसाच्या कामाला गेले की तिथे थांबतात आणि चहावाल्याला सांगतात की हे आमच्या मुलीने लिहिले आहे. घरी मात्र मला यातले काही सांगत नाहीत, मला ते चहावाल्याकडूनच कळले.

सोडून गेलेल्या दोघांवर राग धरू नकोस. ते का गेले, हे त्यांना शांतपणे विचार. पगार उशिरा झाला म्हणून गेले, की त्यांनी केलेले काम सादरीकरणात दुसऱ्याच्या तोंडून मांडले गेले म्हणून गेले, यावर तुझे पुढचे पाऊल ठरेल. आणि राहिलेल्या तिघांना सांभाळ. भाव कितीही चढला तरी आपण हळदीचे बेणे विकत नाही, तशी ही माणसे आहेत. एखादे काम मिळावे म्हणून त्यांच्या रात्री आणि रविवार खर्ची घालू नकोस. बचत गटात आम्ही पंचसूत्री पाळतो, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नोंदी. यातली शेवटची मला सर्वांत मोठी वाटते. प्रत्येक बैठकीत खात्यात किती आहे आणि कुणाकडे किती येणे आहे, ते मोठ्याने वाचले जाते. ज्या महिन्यात शिल्लक कमी असते त्या महिन्यात वाचताना जीव वर-खाली होतो, पण त्याच महिन्यात बायका आपणहून जास्त राबतात. तू तुझ्या तिघांना ऑफिसात किती पैसा आहे ते सांगतेस का? मला वाटते तू सांगत नाहीस, पाच तारखेला पगार वेळेवर झालेला दिसावा म्हणून एकटीच कुठून तरी पैसा उभा करतेस आणि हसऱ्या तोंडाने ऑफिसात जातेस. लहानपणीही तुझा स्वभाव असाच होता, ताप अंगावर काढून शाळेत जायचीस.

एक कामाची गोष्ट सांगते, ती मला प्रशिक्षणात कळली. तुझे क्लायंट तीन-तीन महिने पैसे अडकवतात, असे तू म्हणतेस. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ साली कायदा झाला आहे, आणि सेवा देणारे व्यवसायही त्यात येतात. लेखी करार असला तरी घेणाऱ्याला ४५ दिवसांच्या पुढची मुदत लावता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आता आयकरातही असा नियम आहे की हे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी दाखवता येतो, त्यामुळे कंपन्यांचे हिशेबनीस 'उद्यम' या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक पाहून सावध होतात. ही नोंदणी विनाशुल्क आहे. तुझी झाली आहे का? झाली असेल तर तो क्रमांक बिलावर ठळक छापतेस का? क्लायंट दुखावेल या भीतीने आपले हक्काचे पैसे मागायचे नाहीत, आणि ते खिंडार भरायला बाहेरून व्याजाने पैसे आणायचे, म्हणजे त्या कंपनीचा धंदा तू तुझ्या व्याजावर चालवतेस.

पुन्हा भाषण झाले. शाळेतली सवय सुटत नाही, रागावू नकोस. तू जे उभे केले आहेस ते आपल्या दोन्ही घरांत कुणी उभे केले नव्हते, आणि मी प्रत्येक हळदीकुंकवाला ते सांगते. पण मला भीती वाटते, ती लपवून तुला शाबासकी लिहिणे मला जमत नाही. कर्ज असेल तर किती आहे, बँकेचे आहे की मोबाईलवरून घेतलेले आहे, आणि व्याज किती आहे, एवढे तीन आकडे मला लिही. बाबांना सांगणार नाही. माझ्या पाटल्या तुझ्याच आहेत. फेडण्यासाठी त्या लागल्या तर खुशाल मोडू, पण पुढच्या महिन्याचा पगार भागवायला मी त्या देणार नाही.

आता गटाचा निरोप. परवाच्या बैठकीत पुडीचे वेष्टन नव्याने करायचा ठराव झाला आहे आणि ते काम तुझ्या संस्थेला द्यावे, असे काकूने सुचवले. मी त्या विषयावर मत दिले नाही, त्यामुळे आईचे काम म्हणून फुकट करू नकोस. दरपत्रक पाठव. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी नमुना मंजूर झाल्यावर गटाच्या खात्यातून जमा होईल. हळद शिजवून वाळत घातली आहे, पॉलिश आणि दळण होईपर्यंत तुला महिना मिळेल. शंभर ग्रॅम आणि पाव किलो अशी दोन मापे हवीत. आम्ही मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते आहोत, तेव्हा त्याचे चिन्ह योग्य जागी यावे. अन्न परवान्याचा क्रमांक, वजन आणि तारीख चष्म्याशिवाय वाचता यावी. हळदीने अमुक आजार बरा होतो, असे काही लिहायचे नाही. 'कुटून पाहा' ठेवायचे की बदलायचे, यावर बायकांत दोन तट पडले आहेत. तेव्हा तुझ्या तिघांना घेऊन एखाद्या शनिवारी इकडे ये, त्यांना वाळवणाच्या अंगणात बसव आणि आमच्याशी बोलू दे. जेवणात काय हवे ते काकूला आधी कळव.

तुझी,
आई