मनूस पत्र – बंड्या घरी आलाय, आता पुढचं

प्रिय मनू,

तुझा बोका बंड्या हॉस्पिटलमधून घरी आला आणि त्याने स्वतःहून शू केली हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला बघ. फोनवर सगळं बोलणं होत नाही, तू लोकलमध्ये असतेस, बोगदा आला की आवाज जातो आणि महत्त्वाचं तेवढंच राहून जातं, म्हणून सावकाश बसून टाईप करतेय. सेव्ह करून ठेव आणि जावईबापूंनाही वाचायला दे, कारण संध्याकाळचं खाणं तेच घालतात ना.

आधी त्याला झालं काय ते नीट समजून घे, हॉस्पिटलच्या गडबडीत सांगितलेलं कुणाच्याच डोक्यात राहत नाही. बोक्याची लघवीची नळी शेवटाला फार अरुंद असते, मांजरीची तेवढी नसते, म्हणून हा ब्लॉक होण्याचा प्रकार जवळजवळ सगळा बोक्यांनाच होतो. मूत्राशयाला आतून सूज येते, लघवीत क्रिस्टल म्हणजे क्षारांचे बारीक खडे तयार होतात, ते सगळं चिकट होऊन नळीत बूच बसतं. मग लघवी मागे तुंबते, किडनीवर दाब येतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढायला लागतं, आणि त्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं. दोन दिवसांत धडधाकट बोका जातो गं यात. तू रात्रीच्या रात्री रिक्षा करून गेलीस, सकाळपर्यंत थांबली नाहीस, त्यानेच तो वाचला.

विहीणबाई म्हणत होत्या ना, उन्हाळी लागली असेल, शहाळ्याचं पाणी पाजूया. त्यांच्या मनात मायाच होती, माणसाला आपण तेच देतो, धण्याजिऱ्याचं पाणी देतो, सातूचं देतो. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात ते आधीच जास्त झालेलं असतं, आणि नळी बंद असताना वरून काहीही पाजलं तर मूत्राशय अजून ताणलं जाणार. हे त्यांना शांतपणे सांग, वाद घालू नकोस, त्यांचाही जीव आहे त्याच्यावर.

हा त्रास परत होऊ शकतो, खूप बोक्यांना होतो, त्यामुळे लक्ष ठेवायला लागणार. मांजराला दुखलं तरी ते दाखवत नाही, कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं झोपलंय. म्हणून त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधू नकोस, त्याचा शू-शीचा ट्रे बघ. त्यात ओलं झालं की गोळे होणारं लिटर, म्हणजे ती माती, वापरतेस ना, मग सोपं आहे, रोज सकाळी काढताना शूचे गोळे मोज. साधारण दोन ते चार, बऱ्यापैकी मोठे असले तर ठीक. एकदम लहान लहान खूप गोळे दिसले, किंवा गोळाच नाही, किंवा तो ट्रेमध्ये परत परत जाऊन कुंथतोय, ओरडतोय, ती जागा सारखी चाटतोय, बाथरूमच्या फरशीवर थेंब टाकतोय, लघवी गुलाबी दिसतेय, यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन. कुंथताना बघून लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय आणि तूप नाहीतर एरंडेल देत बसतात, त्यात वेळ जातो. लघवी अजिबातच येत नसेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, न्यायचंच. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं पण डोंबिवलीहून अपरात्री तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागेल तू बघ, त्यापेक्षा कल्याण-ठाण्याकडे रात्री उघडं असणारं कुठलं आहे ते आत्ताच चौकशी करून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव.

आता पाणी. मला विचारशील तर बंड्याचं सगळं औषध इथेच आहे. मांजराचे मूळ पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले, त्यांना तहान मुळात कमी लागते, शिकारीतूनच त्यांचं पाणी पोटात जायचं. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. आणि तुम्ही घालता त्या ड्राय फूडमध्ये दहा टक्के. मांजर वरून पाणी पितं पण ही तूट पूर्ण भरून काढेल एवढं पीत नाही, मग लघवी घट्ट होते आणि क्रिस्टल बनायला मोकळं रान मिळतं. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात पाऊणाहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे डॉक्टरांनी जे युरिनरीचं, म्हणजे लघवीच्या त्रासासाठीचं खास खाणं लिहून दिलंय ते ओल्यात मिळत असेल तर तेच घे, महाग आहे मला माहितीये, पूर्ण जमत नसेल तर निदान अर्धं तरी ओलं, आणि त्यात चमचा-दोन चमचे कोमट पाणी कालवून दे. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठेव, खाण्याच्या ताटलीपासून आणि ट्रेपासून लांब, पसरट काचेच्या किंवा स्टीलच्या, काठोकाठ भरलेल्या. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, बंड्या बेसिनच्या नळाला तोंड लावतो म्हणालीस, मग ते छोटं कारंजं मिळतं ते आणून बघ. दूध बंद. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाबात उलट पाणी जातं.

युरिनरीचं खाणं चालू असेपर्यंत वरचं काहीही नको, एक बिस्कीटसुद्धा नको. त्या खाण्यातले क्षार मोजून-मापून ठेवलेले असतात, त्यात दुसरं मिसळलं की उपयोग जातो. क्रिस्टल मुख्यतः दोन जातीचे असतात, स्ट्रुव्हाइट त्या खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाहीत, रिपोर्टवर कुठले लिहिलेत ते बघ आणि मला फोटो पाठव. किती महिने द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. आणि आपल्या सोनी मांजरीचं किडनीच्या दुखण्यासाठीचं खाणं त्याला चालेल का असं विचारलं होतंस, नाही चालणार. सोनी म्हातारी झालीये, तिची किडनी थकलीये, तिला फॉस्फरस कमी असलेलं लागतं, बंड्याचं गणित वेगळं आहे.

आता नाजूक विषय. घर शाकाहारी आहे, विहीणबाईंच्या ओट्यावर मांस-मच्छी चढत नाही आणि चढू नये, ते त्यांचं घर आहे आणि तू ते मनापासून पाळतेस याचा मला अभिमान आहे. पण बंड्याला दहीभात, तूप-पोळी आणि वरणावर ठेवता येणार नाही गं. कुत्रा कसाबसा निभावून नेतो, मांजराचं शरीरच मांसावर चालण्यासाठी बनलंय. टॉरिन म्हणून एक द्रव्य असतं, ते मांसात असतं, भाजी-धान्यात नसतं, आणि मांजराचं शरीर ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. १९८७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं, तेव्हा तर विकतचं कॅट फूड खाणारी मांजरं सुद्धा हृदयाच्या त्या आजाराने जात होती, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. गाजरातलं व्हिटॅमिन ए सुद्धा मांजराला बनवून घेता येत नाही, ते त्याला तयार मांसातूनच लागतं. विहीणबाईंना सांग की वाघाला आपण दहीभात घालत नाही, हा त्याच घरातला आहे. पाऊच आणि ड्राय फूड बंद पाकिटातच येतं, त्याची ताटली, चमचा, कात्री वेगळी ठेव, बाल्कनीत एक छोटा स्टूल कर, उघडलेलं पाऊच फ्रीजमध्ये ठेवायचं तर घट्ट डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात. स्वयंपाकघराला स्पर्श न होता हे सगळं होतं.

आणि माझ्याकडे आलात की मी त्याला रोज बांगडा घालीन असं जावईबापूंना वाटत असेल तर तेही नाही. रत्नागिरीची मांजरं मच्छीवर जगतात असं सगळ्यांना वाटतं, पण ती उंदीर, पाली, पाखरंही मारून खातात. नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजराला व्हिटॅमिन ई कमी पडतं आणि अंगातली चरबी सुजून दुखते, कच्च्या काही माशांमध्ये बी-वन व्हिटॅमिन नष्ट करणारं द्रव्य असतं. नुसतं उकडलेलं चिकनही पुरं पडत नाही, मांसात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नगण्य, पिल्लांना महिनोन्महिने तेवढंच दिलं तर हाडं इतकी ठिसूळ होतात की पलंगावरून उडी मारली तरी मोडतात. लोक लाडाने घालतात आणि मग पाय ओढत चालणारं पिल्लू घेऊन दवाखान्यात येतात, फार वाईट वाटतं बघून.

वजनाचं बोलू. ६.८ किलो म्हणजे जास्तच आहे, डॉक्टरांनी पाच सांगितलंय ते बरोबर. घरात राहणाऱ्या, न्यूटर म्हणजे नसबंदी केलेल्या, पाच किलोच्या बोक्याला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात आणि शंभर ग्रॅम ड्राय फूडमध्येच ३५० ते ४०० असतात. म्हणजे विहीणबाई जाता-येता प्रेमाने घालतात ती एक मूठ त्याच्या दिवसभराच्या खाण्याचा तिसरा हिस्सा असू शकते. वाटी सतत भरून ठेवणं बंद कर, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोज, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं दे. सासूबाईंना घालायची हौस आहे तर त्याच मापातला एक भाग वेगळ्या डबीत काढून त्यांच्या हातात दे, त्यांचाही मान राहील. पण कमी करायचं म्हणजे उपास नाही, आठवड्याला ६०-७० ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ झालं. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते आणि त्यातून कावीळ होते, ते दुखणं ब्लॉकइतकंच जीवघेणं आहे. म्हणून एक पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर वाट बघायची नाही. नवीन खाणं पण एकदम बदलू नकोस, आठ-दहा दिवसांत हळूहळू जुन्यात मिसळत वाढव, थोडं कोमट केलं की वास सुटतो आणि खातात.

ताणाने सुद्धा मूत्राशयाला सूज येते, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही पण तसंच आहे. तुमचा ट्रे वॉशिंग मशिनच्या शेजारी आहे, तो तिथून हलव, मशिन धडधडायला लागलं की तो शू दाबून ठेवत असेल. अजून एक ट्रे दुसऱ्या खोलीत ठेव. दिवाळीत फटाके सुरू झाले की त्याला आतल्या खोलीत कपाटाखाली बसू दे, ओढून बाहेर काढायचं नाही. रोज थोडा वेळ दोरी घेऊन खेळव, वजनालाही बरं.

बाकी महिन्यातून एखादवेळ केसांचा गोळा ओकला तर घाबरू नकोस, ब्रश करत जा. आठवड्यातून अनेकदा ओकत असेल तर मात्र दाखव. जंताचं औषध आणि लसी डॉक्टरांच्या कार्डाप्रमाणे, रेबीजची चुकवायची नाही. पावसाळ्यात ड्राय फूडचं मोठं पोतं आणू नकोस, मुंबईच्या हवेत वास बदलतो, बुरशी येते.

आणि पुढेमागे तुम्ही बाळाचा विचार केलात तर कोणीतरी म्हणेलच की आधी मांजर बाहेर काढ. काढायची गरज नाही. मांजराच्या शीतून जो जंतू जाऊ शकतो तो बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस घेतो, त्यामुळे ट्रे रोज साफ व्हायला हवा आणि त्या काळात तो जावईबापूंनी करायचा, एवढंच. तुझ्या डॉक्टरांशी बोलून घे.

रविवारी त्याला उचलून काट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा, वजाबाकी करून आकडा मला पाठव. दर रविवारी पाठव.

तुझी,
आई

ता. क. – बंड्या कण्हतोय असं वाटलं तर क्रोसिन, डोलो, कुठलंही पॅरासिटामॉल त्याला द्यायचं नाही, पाव गोळीसुद्धा नाही, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही आणि जीव जातो. कुत्र्याचं गोचिडाचं औषध त्याच्या मानेवर टाकायचं नाही. आणि लग्नाच्या वाढदिवसाला बुके आला तर त्यातली मोठी लिली दाराबाहेरच काढून टाक, तिचे परागकण अंगावर पडून चाटले तरी मांजराची किडनी जाते.