धुऱ्यावरची उन्हाळी फवारून मारू नका

महोदय,

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेताचा आणि शेजाऱ्यांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, सामाईक आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आपल्या बाजूने धुऱ्यावर तणनाशक फवारले आणि वर्षानुवर्षे तिथे आपोआप वाढणारी उन्हाळी ही वनस्पती आठवडाभरात वाळून गेली. त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात धुऱ्याची त्यांच्या बाजूची कड ढासळली व माती पराटीच्या (कपाशीच्या) तासांत, म्हणजे ओळींत, पसरली. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे गाजरगवताने बस्तान बसवले, ते निराळेच. धुऱ्यावरून भांडणे करण्याची आपल्याकडे जुनी रीत असली, तरी हे पत्र भांडणासाठी नाही; शेजाऱ्यांनी केले तेच आज गावोगाव होत आहे, म्हणून लिहीत आहे.

उन्हाळी म्हणजेच शरपुंखा. (लघवीच्या जळजळीलाही आपण उन्हाळी म्हणतो, त्यामुळे नावाचा घोटाळा होतो.) गुडघा-मांडीएवढे वाढणारे हे झुडूप तूर, हरभऱ्याच्याच कुळातले असून त्याला जांभळट गुलाबी फुले आणि चपट्या, किंचित वाकड्या शेंगा येतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. संयुक्त पानातील एक पर्णिका (छोटे पान) बुडाशी धरून तिचे टोक ओढावे. ती आडवी सरळ न तुटता शिरांच्या तिरप्या रेषेत, बाणाच्या मागच्या खाचेसारखी तुटते. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे त्याचा पिसे लावलेला मागचा भाग, हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले असावे. आयुर्वेदात पानथरीच्या (प्लीहेच्या) विकारांवर ती वापरतात म्हणून तिला प्लीहशत्रू असेही म्हटले आहे. मात्र औषधाचा भाग वैद्यांवर सोडून मी शेतीपुरतेच लिहितो.

तिचे सोटमूळ खोल जात असल्याने मुरमाड, हलक्या जमिनीतही ती तग धरते आणि धुऱ्याची माती धरून ठेवते. भर पावसाळ्यात एखादे झाड हळूच खणून काढले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातली एखादी नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर तिच्यातील जिवाणू हवेतला नत्र बांधण्याचे काम करीत आहेत असे समजावे. हिरवळीच्या खतासाठी आपण ताग, धैंचाचे बियाणे विकत आणतो, ते योग्यच आहे. पण त्याच कामाला येणारे झुडूप बांधावर फुकट उभे असताना त्यावर पैसे खर्चून विष मारावे, हा हिशेब मला कळत नाही.

शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की जनावरे उन्हाळीला तोंड लावत नाहीत, मग ती ठेवून उपयोग काय. जनावरे सहसा ती खात नाहीत हे खरे आहे; म्हणूनच चराईच्या धुऱ्यावरही ती टिकते. धुऱ्यावरच्या तणात पिठ्या ढेकूण आसरा घेतो, ही त्यांची दुसरी तक्रार मात्र उडवून लावण्यासारखी नाही. त्यासाठी धुऱ्यावर नजर ठेवावी आणि कीड दिसलेले झाड उपटून नष्ट करावे. सगळा धुरा फवारून जाळण्याची गरज नाही. उन्हाळी तासात शिरली तर डवऱ्याने (कोळप्याने) व निंदणात निघते. खतासाठी ती फुलोऱ्याच्या सुरुवातीला, खोड कोवळे असतानाच विळ्याने कापावी, कारण नंतर काड्या लाकडासारख्या होतात आणि लवकर कुजत नाहीत. बुंधा राखला तर ती पुन्हा फुटते.

ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी केवळ कीडनियंत्रण चालकांमार्फतच (पेस्ट कंट्रोल ऑपरेटर) करावी, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. आमच्या भागात मात्र पंप पाठीवर घेऊन, तोंडाला साधा दुपट्टाही न बांधता धुरे फवारणारे मजूर मी दर हंगामात पाहतो. खरीपपूर्व सभांमध्ये सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहायक) बियाणे आणि खतांबरोबर धुऱ्यावर काय राखावे व काय काढावे, हेही प्रत्यक्ष झाड हातात घेऊन दाखवावे, अशी विनंती आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आपल्या शिवारफेरीत उन्हाळी राखलेला धुरा आणि फवारलेला धुरा शेजारी शेजारी दाखवला, तर आमच्यासारख्यांच्या सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

आमच्या बाजूच्या उन्हाळीच्या शेंगा तडकण्यापूर्वी मी वेचून ठेवल्या आहेत. बियांचे कवच कठीण असल्याने त्या गरम पाण्यात भिजवून मृगाच्या पावसावर ढासळलेल्या कडेला टोकणार आहे. शेजाऱ्यांनी होकार दिला आहे. यंदा पंप तिकडे न्यायचा नाही, एवढेही त्यांनी कबूल केले आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ