सूचना : थंडीत बॅटरी सांभाळा

सर्व सभासदांना नमस्कार,

गार पडलं की बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन ऑइल स्टार्टरकडून (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडून) जास्त जोर मागतं. त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरीकडे आधी बघा.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक. १२.४ च्या खाली गेलं की चार्जिंगला लावा, आपोआप थांबणाऱ्या चार्जरवरच. उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठून फुटू शकते. भरलेली सहसा गोठत नाही. गोठलेली दिसली तर चार्जर लावूच नका.

रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवण्याचा उपयोग नाही (मीही वर्षभर हेच करत होतो!). स्टार्टला खर्च झालेलंसुद्धा तेवढ्यात भरून येत नाही. अर्धा तास चक्कर मारा.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. अलार्म, जीपीएस बसवलेल्यांनी दर आठवड्याला व्होल्ट तपासावेत.