कंपायलरचा एरर दडपण्याआधी वाचावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० साठीची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाल्यापासून जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स बसवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्यानंतर एखादे जुने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वतः बिल्ड करण्याची, म्हणजे मूळ कोडपासून तयार करण्याची, वेळ आली की अनेकांचा हिरमोड होतो. कालपर्यंत विनातक्रार तयार होणारे पॅकेज नव्या प्रणालीवर अडते, दोष कंपायलरवर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, ढकलला जातो आणि एरर गप्प करणारा एखादा पर्याय जोडून काम उरकले जाते. या घाईबद्दल हे पत्र आहे.

मे २०२४ मध्ये जीसीसी या कंपायलरची १४ वी आवृत्ती आली. आधी घोषित न केलेले फंक्शन वापरणे, व्हेरिएबलचा प्रकार न लिहिता तो 'इंट' (पूर्णांक) आहे असे गृहीत धरणे किंवा एका प्रकारचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) दुसऱ्याच्या जागी देणे, या गोष्टींना तिने सी भाषेच्या कोडमध्ये थेट एरर ठरवले. यांतल्या पहिल्या दोन सवलती सी भाषेच्या १९९९ च्या मानकानेच काढून टाकल्या होत्या; जीसीसी मात्र पुढची पंचवीस वर्षे फार तर वॉर्निंग देऊन कोड चालवून घेत राहिला. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १२ व्या आवृत्तीत जीसीसीची १२ वी आवृत्ती होती आणि डेबियन १३ मध्ये १४ वी आहे, त्यामुळे तोच कोड पहिल्यावर तयार होतो आणि दुसऱ्यावर अडतो.

ही कडकपणाची हौस नव्हे. घोषणा नसलेले फंक्शन ३२ बिटांचा 'इंट' परत करते असे जुना कंपायलर मानत असे. तेच फंक्शन प्रत्यक्षात मेमरीचा पत्ता परत करत असेल, तर ६४ बिटांच्या यंत्रावर त्या पत्त्याचे खालचे ३२ बिटच विश्वासाने हाती लागतात. प्रोग्राम तयार होतो, कधी चालतोही, आणि एके दिवशी भलत्याच ठिकाणी कोसळतो. तेव्हा मूळ कारण शोधणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. असा एरर 'परमिसिव्ह' पर्यायाने पुन्हा वॉर्निंगवर उतरवणे तात्पुरत्या तपासणीपुरते क्षम्य आहे. बहुतेक वेळा खरा उपाय योग्य हेडर फाइल (फंक्शनच्या घोषणा असलेली फाइल) जोडण्याचाच असतो, आणि ती एका ओळीची दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली तर पुढच्या माणसाचे श्रम वाचतात.

एप्रिल २०२५ च्या १५ व्या आवृत्तीची गोष्ट थोडी निराळी आहे. वेगळे न सांगितल्यास तिने सी भाषेचे २०२३ चे मानक आपोआप लागू धरल्यामुळे 'बूल', 'ट्रू', 'फॉल्स' हे राखीव शब्द झाले आणि ही नावे स्वतः व्याख्यित करणारा जुना कोड अडू लागला. तो कोड त्याच्या काळच्या मानकानुसार शुद्ध होता, म्हणून कंपायलरला २०१७ चे मानक वापरण्यास सांगणे हा तेथे प्रामाणिक उपाय ठरतो. सरसकट एकच तोडगा सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

सर्वांत फसवा प्रकार मात्र एरर न दाखवणारा असतो. जुन्या पॅकेजांतील 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट लहान लहान चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून प्रणालीत कोणत्या सोयी आहेत ते ठरवते. त्या चाचण्याच ढिसाळ सी भाषेत लिहिलेल्या असल्या, तर नवा कंपायलर त्या नाकारतो आणि स्क्रिप्ट समजते की ती सोयच नाही. बिल्ड सुरळीत पार पडते. फक्त सॉफ्टवेअरचा एखादा भाग गुपचूप गळालेला असतो. नापास झालेल्या चाचणीचे खरे कारण 'कॉन्फिग.लॉग' या फाइलमध्ये नोंदलेले असते, पण ती उघडण्याची तसदी फारच थोडे घेतात.

मदत मागणारे बहुधा पडद्यावरची शेवटची ओळ पाठवतात. बिल्डची कामे चालवणाऱ्या 'मेक' या साधनाची ती ओळ एवढेच सांगते की वर कोठेतरी काही बिघडले. पाहायचा असतो तो पहिला एरर. अनेक कामे एकाच वेळी चालू असतील तर तो इतर मजकुरात हरवतो, म्हणून बिल्ड एकेरी चालवून पाहावे. कंपायलर 'किल्ड' होऊन थांबला, तर बहुधा मेमरी संपलेली असते, आणि चार जीबीच्या जुन्या डेस्कटॉपवर हे सहज घडते. हेडर फाइल सापडत नसेल, तर लायब्ररीचे 'डेव्ह' (फेडोरा या लिनक्स वितरणावर 'डेव्हेल') पॅकेज बसवायचे राहिलेले असते.

आपल्याकडील अभियांत्रिकी व पदविका महाविद्यालयांत टर्बो सी हा जुना कंपायलर दीर्घकाळ वापरला गेला. त्यावरचा 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअर स्क्रीन'चा सराव घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला 'कोनियो' हेडर लिनक्सवर मिळत नाही, हा त्याचा अपराध नाही. पण प्रात्यक्षिकांत चालणारा प्रोग्राम दाखवला की गुण मिळतात, कंपायलरचा संदेश वाचून कारण सांगण्याला मिळत नाहीत. निदान एका प्रात्यक्षिकात जाणूनबुजून मोडलेले जुने पॅकेज देऊन ते दुरुस्त करून घ्यावे, अशी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली