पट्टी लावून मारलेल्या रेघांबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, "काका, माझं नाव कुठं घालू नका, मी काही वेगळं केलेलं नाही." बरं, नाही घालत. पण काय केलंत ते मात्र लिहिणार. पाडव्याला गाडी दारात आली, तिला हार घालून झाला, सगळ्या गल्लीला बसवून सिद्धेश्वराला एक फेरीही मारून झाली, तरी बँकेतली ती दुपार काही डोक्यातून जात नाही.

मी कटिंग मास्तर. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यातल्याच एकात तीस वर्षं कापड कापतोय. चाळीस थर एकावर एक लावलेले असतात. वरची रेघ सूतभर सरकली की चाळीस पँटी गेल्या. तेव्हा रेघ म्हणजे काय, हे मला शिकवायला नको.

गाडी खरं तर दसऱ्यालाच यायची होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पोरगा म्हणाला, पप्पा, आता नाही तर कधीच नाही. एका पाव्हण्याच्या ओळखीनं शोरूम गाठलं. (त्या ओळखीचं त्याला काय मिळणार होतं, ते नंतर कळलं. असो.) गार हवा, गार पाणी, "या काका, बसा काका." सरकारनं वर कमी केलेलं कोटेशनच्या तळाशी परत येऊन बसलं होतं: हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरीजचा संच. इन्शुरन्स आमच्याकडूनच, नाहीतर डिलिव्हरी लांबेल. म्हटलं, गाडी माझा पोरगा चालवत नेणार, तुमचं हँडलिंग कसलं? तर म्हणे, "सगळेच घेतात काका." आणि कर्ज? "फक्त सात टक्के. बँकसुद्धा देणार नाही."

मग फॉर्मांचा गठ्ठा आला. आत सगळं कोरं. जागोजागी पेन्सिलीनं बारीक खुणा. "खूण आहे तिथं सही मारा, बाकीचं आम्ही भरून घेतो."

माझा हात तिथं अडला. पंधराएक वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या रिक्षाच्या कर्जाला मी जामीन होतो. तेव्हाही फॉर्म असेच कोरे होते. नंतर हप्ता वाढून आला, न मागितलेली एक विमा पॉलिसी त्यात बसवलेली. विचारायला गेलो तर साहेबानं कागद पुढं सरकवला, "सही तुमचीच ना?" माझीच होती. भावानं तीन वर्षं ते पैसे भरले आणि मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तर शोरूममधून "स्टेटमेंट घेऊन येतो" म्हणून उठलो आणि तुमच्यापुढं आलो. त्या शाखेत मी वीस वर्षं "सर्व्हर डाउन आहे" आणि "जेवणानंतर या" एवढंच ऐकत आलोय, त्यामुळं तुमच्याकडून काही आशा होती असं खोटं लिहीत नाही. तुम्ही स्टेटमेंट छापायला टाकलंत आणि सहज विचारलंत, "कशाला हवंय काका?"

मी कोटेशन दाखवलं. तुम्ही कॅल्क्युलेटर माझ्याकडं तोंड करून ठेवलात आणि बटणं मलाच दाबायला लावलीत. पाच लाख, पाच वर्षं, सात टक्के. व्याज १,७५,०००. हप्ता ११,२५०. मग म्हणालात, "हा फ्लॅट रेट आहे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवरच. आमच्या पद्धतीनं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मोजलं, तर हे साडेबारा टक्के होतात." तुमच्याकडचा दर साडेनऊ, हप्ता १०,५०१. पाच वर्षांत जवळपास ४५ हजारांचा फरक!

मला लगेच उमगलं. ठाण कापून अर्धं झालं तरी गिऱ्हाइकाकडून पुऱ्या ठाणाचे पैसे घेत राहायचे, तसलाच प्रकार. सात हा आकडा खोटा नव्हता, टेपच वेगळी होती.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. विमा कुठूनही घेता येतो, थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एका वर्षाचा पुरतो, हे तुम्हीच सांगितलंत. बाहेरून घेतला तर नऊ हजारांनी स्वस्त पडला. दुसऱ्या शोरूममध्ये हँडलिंगच्या रकमेवर नुसतं बोट ठेवलं, तर त्यांनी न बोलता खोडली. पहिल्यांनी मात्र बुकिंगचे पैसे परत द्यायला पाच हेलपाटे घालायला लावले आणि वर दोन हजार कापलेच.

मला लिहायचंय ते सहीच्या दिवसाचं. तुम्ही आधी कर्जाचा एक तक्ता मराठीत वाचून दाखवलात, 'की फॅक्ट स्टेटमेंट' (Key Facts Statement) नावाचा. व्याज, प्रोसेसिंग फी, सगळं धरून वर्षाला खरं किती टक्के पडतं ते एका जागी. मी म्हटलं, एवढा वेळ कशाला घालवता? तर म्हणालात, "१ ऑक्टोबर २०२४ पासून नियमच आहे काका, तुम्हाला कळेल अशा भाषेत द्यायचा आणि समजावून सांगायचा." नियम असेल. नियम त्या पेन्सिलवाल्यांनाही असतीलच की.

मग फॉर्म. भरायचं ते भरून झालं, काही रकाने मोकळे राहिले. मी पेन उघडलं तर तुम्ही हात आडवा धरलात. ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढलीत, एका कडेला टवका उडालेली, आणि एकेका मोकळ्या रकान्यावर ती ठेवून तिरकी रेघ मारत गेलात. मागं रांग होती, कुणीतरी खोकलं. तुम्ही पान उलटून पाठची बाजूसुद्धा बघितलीत. पंधरा-सोळा रेघा तरी असतील. मग म्हणालात, "आता करा सही."

वयानं तुम्ही माझ्या थोरल्या लेकीएवढ्या. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी चष्मा पुसत बसलो. तुम्हाला वाटलं, मला दिसत नाहीये. तुम्ही सहीच्या जागेवर बोट ठेवलंत.

ते संध्याकाळी भावाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाठची बाजू पण?"

पेढे तुम्ही सगळ्या स्टाफला वाटून टाकलेत, स्वतः अर्धाच घेतलात. म्हणून या पत्राबरोबर एक वस्तू पाठवतोय, ती परत करू नका. आमच्या कटिंग टेबलावरची स्टीलची पट्टी आहे, बारा इंची, वापरलेली. तुमच्या पट्टीचा टवका उडालाय, तिथं रेघ जरा हलते.

आपला,
गणवेशवाला कटिंग मास्तर
सोलापूर