त्या पोट्ट्याचा बोनस

दारव्हा,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

पोळ्यापासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलटा लावला नाही. कामात होतो असं लिहिलं तर खोटं होईल. बोलायचं होतं तुझ्याशीच, आणि तुझ्याशीच बोलवत नव्हतं. म्हणून आज कागद घेऊन बसलो. माझी शुगर बरी आहे, आईचे गुडघे तसेच. सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी झाली. घरचं एवढंच.

आता ऐक. तालुक्याची शालेय कबड्डी होती, १७ वर्षांखालच्या मुलांची उपांत्य फेरी. सरपंच, म्हणजे मैदानावरचा मुख्य पंच, मी. सकाळचे सामने दुपारवर ढकललेले, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, आणि चुना असा टाकलेला की तिसऱ्या सामन्यापर्यंत बोनसची रेषा पुसूनच गेली. शेवटची तीनेक मिनिटं उरली होती, एका गुणाचा फरक होता. पिछाडीवरच्या संघाचा एक काटकुळा पोट्टा चढाईला गेला. त्याचं नाव लिहीत नाही, पोरगं आहे. समोर सहा जण, म्हणजे एक पाय बोनसच्या रेषेपार आणि दुसरा हवेत असला की न शिवताही एक गुण. त्यानं एक पाय आत टाकला, झुलला आणि कोणाला न शिवता परत आला. त्या बाजूच्या पंचानं अंगठा वर केला नाही. पोट्टा माझ्याकडे वळला, "सर, बोनस!" मी मान हलवली, नाही म्हणून. तर तो बोट रोखून दोन पावलं पुढं आला, "काऊन जी? सहा होते ना! तुमाले दिसत नाई काय?"

लोक हसले. रेषेबाहेरून कोणीतरी ओरडलं, "चष्मा द्या रे सरपंचाले!" मग आणखी हसले.

नियम काय आहे ते तुला माहीतच आहे. निर्णयावरून पंचाशी पुन्हा पुन्हा हुज्जत घालणं आणि बोट दाखवून निर्णय मागणं, दोन्ही गैरवर्तन. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. तिन्ही कार्डं माझ्या खिशात होती. हात थेट लालवर गेला.

बंड्या, बावीस वर्षं शिट्टी वाजवतो आहे मी. पोरं उलटून बोलतात, ते काही नवीन नाही. घड्याळ थांबवायचं, कर्णधाराला बोलवायचं, बोलणाऱ्याला पाणी प्यायला पाठवायचं आणि त्याच्या तोंडाला तोंड न देता उभं राहायचं. लहान पोराचा राग तेवढ्यात निम्मा उतरतो. शिट्टी जोरात वाजवली की तो वाढतो, जवळ जाऊन हळू बोललं की पोरगं आपोआप आवाज खाली घेतं. एकदा मी एका कर्णधाराला म्हटलं, तुझ्या खेळाडूला समजाव. तो म्हणाला, "सर, हा घरी मायचं ऐकत नाई, म्या त नुसता कर्णधार हावो." दोन्ही संघ हसले, मीही हसलो, आणि तो उलटं बोलणारा सगळ्यांत जास्त हसला. हिरवं कार्डसुद्धा काढावं लागलं नाही. आणि बरेचदा पोरगं बोलतं ते त्याचं स्वतःचं नसतंच. रेषेबाहेर बाप किंवा काका उभा असतो, त्याचेच शब्द आत येतात. वरच्या स्पर्धांत पोचलं तर दहावीचे क्रीडागुण, पुढे नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, एवढा सगळा हिशेब त्या एका चढाईवर बसलेला असतो. हे मीच नव्या पंचांना सांगत आलो. त्या दिवशी मला यातलं काही आठवलं नाही. लोक हसत होते, तेवढंच ऐकू आलं. त्यांच्यावरचा राग मी पोरावर काढला.

तो बाहेर गेला आणि संघ ३ गुणांनी हरला. संध्याकाळी आमच्या एका सरांनी मोबाईलवर ती चढाई दाखवली. थांबवून, थांबवून दाखवली. सहा जण होते. उजवा पाय रेषेच्या पार, डावा हवेत. बोनस होता बे.

सामना परत खेळवा असं मी म्हणत नाही. मैदानावर सरपंचाचा शब्द शेवटचा, तो तसाच राहिला पाहिजे, नाहीतर खेळ होणारच नाही. पण तो पोट्टा त्या दिवसापासून सरावाला येत नाही. मागच्या रविवारी दिग्रस रोडला दिसला, कापसाच्या गाठोड्यावर बसला होता. मी गाडी हळू केली. "नमस्कार सर," म्हणाला आणि खाली पाहू लागला. शिवी दिली असती तर मी निवांत घरी आलो असतो.

म्हणून तुला लिहितो आहे. तू मला एक गोष्ट आजवर विचारली नाहीस. बारावीला अमरावतीच्या विभागीयला तुझी ती चढाई. तुझा हात कोपऱ्यातल्याच्या पायाला लागला होता, आणि त्यानं स्वतःच मान खाली घातली, ती मी पाहिली. कर्णधार मी होतो. पंचाशी बोलायचं काम माझं होतं. तू ओरडलास, त्यांनी तुला बाहेर काढलं, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणालो, "जा बे बाहेर." पुढच्या संघाची निवड त्याच मैदानावर व्हायची होती, माझं नाव त्यात यायचं होतं. आलंही. मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेत बसलो तेव्हा तू दारात जाऊन बसलास, आणि कारंजा यायच्या आधी दोन्ही नीकॅप बाहेर फेकल्यास. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती गाडीही आता बंद झाली. नंतर मी बी.पी.एड.ला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात गेलो. तिथली पोरं १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आली, हे तिथं सांगायचे तेव्हा सगळ्यांची छाती फुगायची. मला तुझ्या नीकॅप दिसायच्या. तुझ्यासारखा हात आमच्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

(सायकलचे चाळीस रुपये मात्र मी दिले होते. त्यावर आजही भांडायला तयार आहे.)

इथले सर म्हणतात, सरपंचानं पोराची माफी मागितली तर उद्या कोणी शिट्टी ऐकणार नाही. मला ते पटत नाही. बोट रोखलं ते चूक, 'सहा होते' हे खरं, आणि लाल कार्ड माझ्या रागाचं होतं. तिन्ही गोष्टी त्याला सांगायच्या आहेत. एकट्याला गाठून नाही, त्याच्या संघासमोर. बाहेर काढलं तेही सगळ्यांसमोरच होतं.

तुझ्याकडचं सांग. छकुलीची बारावी आहे ना यंदा? तिला अभ्यासावरून टोकू नको, तुझा स्वभाव मला माहीत आहे. चाकणला अजून रात्रपाळी आहे का? वहिनींना नमस्कार. येताना संत्री घेऊन ये म्हणतील, इथूनच पाठवतो, आंबिया बहार चांगला आला आहे.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या गावी शाळेत जाणार आहे. चुन्याची पिशवी सोबत नेतो, तिथलं मैदानही आखून देईन. त्याआधी मला तुझ्याकडून एक कळलं पाहिजे, आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको. त्या दिवशी गाडीत मी उठून दारापर्यंत आलो असतो, हात लागला होता, मी पाहिलं, एवढंच म्हणालो असतो, तर तू पुन्हा मैदानावर आला असतास का?

शुक्रवारच्या आत फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
दाद्या