नव्या ट्रेडमिलऐवजी रोइंग मशीन घ्यावं, ही विनंती

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)

विषय: आपल्या सोसायटीच्या क्लब हाऊसमधल्या व्यायामशाळेसाठी रोइंग मशीन घेण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

बंद पडलेली ट्रेडमिल भंगारात काढून तिच्या जागी नवी ट्रेडमिल घ्यायची, असं गेल्या सभेत तोंडी ठरलं. ऑर्डर अजून दिलेली नाही असं सचिवांकडून कळलं, म्हणून लगेच हे पत्र लिहिते आहे. त्याच पैशांत रोइंग मशीन घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. बसल्या जागी होडी वल्हवल्यासारखा व्यायाम देणारं हे यंत्र आहे.

मी ५६ वर्षांची आहे. दिवसभर बँकेत खुर्चीवर, आणि जाता-येता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसच्या सीटवर. दोन वर्षांपूर्वी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ यायला लागली. फिजिओथेरपिस्टनी मांडीचे स्नायू मजबूत करा म्हणून सांगितलं, पण ट्रेडमिलवर जरा वेग वाढवला की गुडघा दुसऱ्या दिवशी सुजायचा. गेल्या दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेले होते. माझा भाचा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबमधून मुळा नदीवर वल्हवतो. सरावासाठी त्याने घरात रोइंग मशीन ठेवलं आहे, त्यावर त्याने मला बसवलं. पाच मिनिटांत माझे खांदे भरून आले. तो म्हणाला, "मावशी, हातांनी ओढू नकोस, पायांनी ढकल."

या व्यायामाचं मर्म त्या वाक्यात आहे. आधी पाय ताणायचे, मग कमरेतून किंचित मागे झुकायचं, आणि शेवटी हँडल बरगड्यांच्या खालपर्यंत आणायचं. पुढे येताना याच्या उलट: हात, कंबर, मग गुडघे. सगळ्यात जास्त जोर पायांचा, पण पाठ, खांदे, दंड आणि पोट यांनाही काम लागतं. पाऊल कुठेच आपटत नाही, त्यामुळे धावताना गुडघ्याला बसतो तसा हादरा बसत नाही. आणि एवढे मोठे स्नायू एकदम कामाला लागल्यामुळे हृदय आणि फुप्फुसांनाही चांगला व्यायाम होतो.

परत आल्यावर मानपाड्याच्या एका जिममध्ये नाव घातलं. दहा महिने झाले, आठवड्यातून चार दिवस पंचवीस मिनिटं करते. वजन फक्त दोन किलो उतरलं, तेव्हा वजनासाठी हे घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण मागच्या महिन्यात लिफ्ट बंद होती त्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन सातव्या मजल्यापर्यंत न थांबता चढले. रात्री झोप लागते. दुपारी तीननंतर ऑफिसात मान आणि खांदे आखडायचे, ते जवळजवळ थांबलं. आणखी एक गोष्ट सांगते. यंत्राचा तो लयीत येणारा वाऱ्याचा आवाज ऐकत वीस मिनिटं श्वास आणि हात जुळवत राहिलं की दिवसभर डोक्यात फिरणाऱ्या गोष्टी मागे पडतात. माझ्या चिडचिडीत फरक पडला आहे हे घरच्यांनी माझ्याआधी ओळखलं.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासूनच्या मार्गदर्शनात सांगते. आपल्याकडचे बहुतेक लोक पोडियमवर चालतात, आणि जून ते सप्टेंबर तेही थांबतं. मागच्या जुलैत शेवाळावरून सी विंगच्या आजी घसरल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या चार महिन्यांत वयस्कर मंडळींनी घरात बसून राहावं, हे मला पटत नाही. चालणं मात्र कुणी सोडू नये. रोइंग बसून होतं, त्यामुळे हाडांवर शरीराचा भार देण्याचं काम चालण्यानं आणि जिन्यानंच होतं.

सोसायटीला हे यंत्र सोयीचं पडेल असं मला वाटतं, कारण यातला पंखा आपल्या ओढण्यानेच फिरतो; यंत्राला मोटर नाही, वीज लागत नाही आणि सरकणारा पट्टाही नाही. आपली ट्रेडमिल मोटर आणि सर्किटच्या दुरुस्त्यांनीच संपली. इथे साखळीला साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर तेल, आणि आसन ज्या पट्टीवर सरकतं ती रोज पुसणं, एवढं सांभाळायचं. जितक्या जोरानं ओढाल तितकाच विरोध मिळतो, त्यामुळे कॉलेजचा मुलगा आणि सत्तरीचे आजोबा एकाच यंत्रावर आपापल्या ताकदीनं करू शकतात. बाजूला एक ते दहा आकड्यांची कळ असते. ती दहावर लावली की जास्त फायदा, असा पुष्कळांचा समज असतो. पण तसं नाही, ती सायकलच्या गिअरसारखी आहे. नवशिक्यांनी तीन ते पाचच्या मध्ये ठेवावी.

दोन अडचणी मला दिसतात. एक आवाजाची: पंखा बऱ्यापैकी घोंगावतो, म्हणून रबरी मॅट आणि रात्री नऊनंतर बंद, असा नियम हवा. दुसरी, साध्या मॉडेलचं आसन जमिनीपासून सुमारे १४ इंचांवर असतं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिथून उठणं कठीण जातं. २० इंच उंच आसनाचं मॉडेल मिळतं, कृपया तेच मागवावं. जागा साधारण आठ फूट बाय दोन फूट लागते. टेबल टेनिसच्या मागचा कोपरा मी टेपनं मोजला आहे, तिथे ते बसतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा मणक्याच्या गादीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि ओढताना श्वास रोखू नये, अशी सूचना भिंतीवर लावावी.

मुलांसाठीही एक विचार आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचे. सैन्यात गेल्यावर ते वल्हवायला शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक मिळवून आले. तलावांच्या ठाण्यात वाढणाऱ्या आपल्या मुलांना वल्हवणं म्हणजे काय, ते या यंत्रावर तरी कळेल.

दोन पुरवठादारांची कोटेशन्स सोबत जोडली आहेत. यंत्र आल्यापासून पहिले दोन महिने दर रविवारी सकाळी सात ते नऊ मी क्लब हाऊसमध्ये थांबून ज्यांना हवं त्यांना शिकवीन. तोपर्यंत ज्या सदस्यांना बसून पाहायचं असेल त्यांनी शनिवारी माझ्याबरोबर मानपाड्याच्या जिममध्ये यावं. तिथे विचारून ठेवलं आहे, एका वेळी तिघांना परवानगी मिळेल.

कळावे,
आपली नम्र,
सभासद, बी विंग, सातवा मजला